दुसरा दिवा

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली. त्या वर्षी वडिलांचा पाय मोडला आणि मेंढरांमागे कोणीतरी जायला हवं होतं. मोठे शब्द मला येत नाहीत. जे पाहिलं ते साध्या शब्दांत सांगतो.

माझं नाव हृतिक. मी नांद्यात किशोरभाऊंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला आहे. गेल्या डिसेंबरात एका शनिवारी संध्याकाळी ते मला म्हणाले, "चांद्याला हैबतरावांच्या घरी जा. त्यांनी आपल्याकडून नवा कॉम्प्युटर नेलाय. त्याला ब्लूटूथवर गेमचा कंट्रोलर जोडायचाय. दहा मिनिटांचं काम आहे. आणि उद्या सकाळी त्यांच्या वरच्या खोलीत इंटरनेटची वायर ओढायला परत जावं लागेल. भाडेकरू येणारेत तिथं."

घर मला माहीत होतं. हैबतरावांचा मुलगा अमोल शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होता. शाळेच्या कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम तो असा खेळायचा की पोरं खिडकीबाहेर उभी राहून बघायची. मीही बघायचो, सगळ्यांच्या मागून. त्याच्याशी कधी बोललो नाही. आदल्या वर्षी महाळुंग्याच्या वळणावर त्याची मोटरसायकल काँक्रीटच्या मिक्सरखाली गेली.

मी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आजूबाजूच्या अर्धवट इमारतींवर क्रेनचे लाल दिवे लागले होते. हैबतराव अंगणात खाटेवर बसले होते.

"म्हसूचा ना रं तू?"

"हो, नाना."

"बाप मेंढरं राखतोय आन् तू माऊस राखतुयास व्हय?"

मी हसलो. तेवढ्यात गोजराबाई, म्हणजे अमोलची आई, बाहेर आल्या. खालच्या खोलीच्या दारालाच लागून वर जाणारा जिना आहे. त्या तिथे थांबल्या.

"काम्पुटर खाली हाय. पन आदी वर चल. मला तुला कायतरी दावायचंय."

अमोलची ती वरची खोली रिकामी होती. भाडेकरूंसाठी नवा रंग दिला होता, त्याचा वास नाकात बसत होता. मधोमध एक स्टूल आणि त्यावर अमोलचा काळा कंट्रोलर, एवढंच. खोली बंद असूनही त्याच्यावर धुळीचा कण नव्हता.

"रोज चार्जिंगला लावते," त्या म्हणाल्या. "त्यो कंदी लावायचा न्हाई, मीच लावायची. मला दुसरा गडी करायचा. म्हनायचा, आये, तू रिमोट घे, मी कीबोर्डवर खेळतो. लई हरवायचा मला. ही सवय तेवढी राह्यली." मग त्यांनी मधलं बटण दाबलं.

ज्यांनी असा कंट्रोलर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्याच्यावर ओळीनं चार बारीक दिवे असतात. बटण दाबलं की चारी लुकलुकतात, म्हणजे तो आपला जुना कॉम्प्युटर शोधतोय. सापडला की एकच दिवा स्थिर राहतो. पहिला दिवा म्हणजे तुम्ही पहिले खेळाडू, दुसरा दिवा म्हणजे दुसरे. कॉम्प्युटर तीसेक फुटांत नसेल तर थोडा वेळ शोधून कंट्रोलर आपोआप बंद पडतो.

चारी दिवे लुकलुकले. मग पहिला दिवा स्थिर झाला.

"लुकलुकतोय तवर शोधतोय, आन् थांबला की घावला. अमोलनंच शिकवलं मला. बरुबर हाय ना?"

"हो, काकू."

"त्यो गेल्यावर चौथ्या म्हयन्यात ह्यांनी त्याचा काम्पुटर भंगारात दिला. बघवंना त्यांना. मग हितं ह्याला काय घावलं?"

मी भिंतींकडे पाहिलं. चार कोरे कोपरे. मी फोन काढून ब्लूटूथची यादी उघडली. यादीत एकच नाव आलं... 'घाटाचा राजा'.

मी नाव वाचून दाखवलं. काकूंनी पदर तोंडाला लावला, पण रडल्या नाहीत. "त्याच्या काम्पुटरचं नाव त्ये. गाड्याच्या शर्यतीत आमच्या बैलांनी घाट मारला हुता, तवा ठिवलं त्यानं."

मी दोन पावलं दाराकडे सरकलो. त्यांचा आवाज मात्र जराही हलला नाही. त्या म्हणाल्या, "सोमवारपासनं हितं तीन पोरं ऱ्हानार. नोकरीची, चांगली पोरं हायेत, त्यांचा काय दोष न्हाई. पन माझा अमोल परक्यांच्या पायात यायला नगं. म्हनून म्या काम्पुटर घ्यायला लावला. त्याला खाली माझ्या खोलीत आन, बाळा. दुसरं काय मागत न्हाई."

मी आजवर पुष्कळ घरांत गेलो. नेटचा वेग कमी आहे म्हणून ओरडणारी माणसं पाहिली. पण अशी बाई पाहिली नव्हती. वर्षभर रोज संध्याकाळी एकटी त्या खोलीत जायची, बटण दाबायची, दिवा स्थिर झालेला बघायची आणि खाली येऊन भाकऱ्या थापायची. कोणाला सांगितलं नाही, मांत्रिक आणला नाही. तीस फूट म्हणजे किती, हे तिनं जिन्याच्या पायऱ्या मोजून स्वतः शोधून काढलं होतं. माझ्यापेक्षा तिलाच ते काम जास्त येत होतं.

आम्ही कंट्रोलर घेऊन खाली आलो. काकूंच्या खोलीत नवा कॉम्प्युटर मांडला होता. मी बटण दाबलं. चारी दिवे लुकलुकले आणि विझले. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. वरच्या खोलीतला सोडून तो कोणाला ओळखतच नव्हता. मी किशोरभाऊंना फोन लावला.

"अरे, मागं बारीक भोक असतं. पिन टोच, रिसेट होईल. मग नव्यानं जोड आणि ये निघून."

फोनचा आवाज मोठा होता. काकूंनी ऐकलं.

"पिन टोचल्यावर काय हुतं?"

"मागचं सगळं विसरतो तो, काकू."

"मग न्हाई टोचायची."

त्या रागावून बोलल्या नाहीत. पण माझी पिन काढायची छाती झाली नाही. मी तसाच बसून राहिलो. जोडायचं आहे आणि विसरायला लावायचं नाही, हे कसं जमवायचं? बसल्या बसल्या मला वाड्यावरची एक रीत आठवली. वाडा म्हणजे आमच्या मेंढरांचा मुक्काम.

आमच्यात एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं की वडील त्याचं कातडं काढून एखाद्या पोरक्या कोकराच्या अंगावर बांधतात. मेंढी हुंगते. वास आपल्याच पिलाचा येतो. मग ती त्याला पाजते. चार दिवसांनी कातडं काढलं तरी चालतं.

"काकू, त्या जुन्या कॉम्प्युटरचं काही राहिलंय का? कसलंही. लहानसं."

काकूंनी फडताळातून मशेरीची डबी काढली. डबीत नखाएवढा एक डोंगल होता. अमोलच्या जुन्या मशीनमध्ये ब्लूटूथ नव्हतं, म्हणून तो हा लावायचा. भंगारवाला मशीन उचलत असताना काकूंनी तेवढा उपटून ठेवला होता. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं म्हणालो, "कातडं मिळालं."

"काय मिळालं?"

मी त्यांना रीत सांगितली. त्या नीट ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हसूचं पोरगं हुशार हाय."

मी डोंगल नव्या कॉम्प्युटरला लावला. खोलीत एकदम गार वाटायला लागलं. नव्या रंगाचा वास नव्हताच तिथे. दुसराच वास आला... पाणी आटलेल्या विहिरीच्या तळाला येतो तसा. काकूंच्या अंगावर काटा आलेला मी पाहिला. तरी त्यांनीच बटण दाबलं.

चारी दिवे लुकलुकले. थांबले. पहिला दिवा विझला... आणि दुसरा स्थिर झाला.

मी कॉम्प्युटरवरची यादी पाहिली. एकच कंट्रोलर जोडलेला होता, काकूंच्या हातातला. तो दुसरा खेळाडू होता. पहिल्याची जागा आधीच कोणीतरी घेतली होती.

"काकू... पहिला नंबर..."

"त्याचाच," त्या म्हणाल्या. "गेम लाव."

पडद्याचे दोन भाग झाले. वरच्या भागात पहिल्याची गाडी, खालच्या भागात काकूंची. कीबोर्डला कोणाचा हात लागलेला नव्हता. हिरवा दिवा पडला आणि वरची गाडी निघाली. इतकी सुंदर गाडी चालवलेली मी कधी पाहिली नाही. वळणावर ती बाहेरून आत यायची, भिंतीला न घासता. मी भीती विसरून बघत राहिलो. शाळेत खिडकीबाहेर उभा राहायचो तसाच.

काकू चुकल्या, गवतात गेल्या. वरची गाडी पुढच्या वळणावर थांबली. काकू येईपर्यंत ती तिथे उभी होती.

"बघ, वाट बगतोय माझी," काकू म्हणाल्या. "पयलं कंदी थांबायचा न्हाई मेला. शाना झालाय."

हैबतराव दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "दार लोटून घ्या. थंडी येतीया." आणि निघून गेले.

मी घरी आलो तेव्हा वडील वाघरीला, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीला, गाठी मारत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांची रीत कामाला आली म्हणून ते खूश होतील. त्यांनी हातातली गाठ आवळली.

"कातडं घावलं," ते म्हणाले. "पन कोकरू कुनाचं हुतं?"

मेंढीला फसवायची रीत मी एका आईला लावली होती. ज्या कोकराला कातडं बांधतात ते तिचं कधीच नसतं.

सकाळी सातला मी वायरचं वेटोळं घेऊन चांद्याला गेलो. वर जाऊन आधी फोनची यादी उघडली. ती रिकामी निघावी, असं मी वाटेत प्रत्येक मारुतीला सांगितलं होतं. यादीत 'घाटाचा राजा' होता. अमोल वरच्या खोलीतच होता. तो खाली गेलाच नव्हता.

मी फोन तळहातावर आडवा धरला आणि एकेक पायरी उतरलो. नाव यादीत टिकून होतं. शेवटच्या पायरीवरही होतं. काकूंच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि नाव गेलं. मागं आलो, आलं. आत गेलो, गेलं. असं तीन वेळा केलं. पायरी आणि खोली यांत तीस फूट काय, तीन फुटांचंही अंतर नव्हतं. त्याला त्या खोलीत यायचं नव्हतं.

आत काकू माझ्याकडे पाठ करून खेळत होत्या. तोच विहिरीचा वास होता, रात्रीपेक्षा दाट. पहिली गाडी आता वळणावर थांबत नव्हती. ती काकूंच्या गाडीच्या मागे होती. अगदी चिकटून.

"काकू, झोपला नाहीत?"

"रातभर खेळलो आमी," त्या म्हणाल्या. आवाज बसला होता, पण मुलीसारखा हलका होता. "बोलला बी माझ्याशी."

"काय... काय बोलला?"

"हाक मारली. गोजरे म्हनला."

"अमोल तुम्हाला असं म्हणायचा?"

त्यांचे अंगठे चालूच होते. त्यांनी विचार केला.

"न्हाई. मला असं कुनीच म्हनत न्हाई." मग एक वळण घेऊन म्हणाल्या, "पन हाक तर मारली ना."

"काकू, तो डोंगल काढू का? थोडा वेळच."

"हात नगं लावूस, बाळा."

त्यांनी वळून पाहिलं नाही. माझा हात पुढे झालाच नाही. मला ते जमायला हवं होतं, पण त्या बाईच्या आनंदापुढे माझा हात उचलला गेला नाही, हे खरं सांगतो.

मी बाहेर आलो आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलो. फोन मांडीवर ठेवला. नाव परत आलं. किशोरभाऊंचा फोन दोनदा वाजला, मी घेतला नाही. आतून काकू हसल्या, आणि त्याच वेळी यादीतलं नाव एकदा गेलं आणि आलं. मी पायरीवर थोडा सरकून शेजारी जागा केली. ऊन अंगणात येईपर्यंत मी तिथेच बसून होतो. उठलो असतो, तर अमोल एकटा पडला असता.