फाईलमध्ये नसलेली बेल

हे खरं घडलेलं आहे. तुम्ही विश्वास ठेवाच असं म्हणणार नाही, माझाच अजून नीट बसत नाही. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की कंटाळून उठून जाणारी मी. त्यामुळे तिखटमीठ न लावता सांगते.

रविवार होता. दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या ऑफिसात मी एकटी.

पण आधी मास्तरांबद्दल सांगायला हवं.

मास्तर आमच्यातले सगळ्यात वयस्कर. शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या कामातल्या चुका लाल पेनाने दाखवायचे, म्हणून मास्तर. मला ते 'घाईबाई' म्हणायचे. उगाच नाही.

आम्ही एक पेटी बनवतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात ती पलंगाशेजारी लावतात. लाल बटण दाबलं की घरच्यांना फोन जातो. पेटीत एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्यात काय काय असावं, हे एका फाईलमध्ये लिहायचं. बेल, घड्याळ, नेट, सगळं. लिहिलं ते असणार. लिहिलं नाही ते नसणार.

मग एकेक भाग सुटा बनवायचा आणि सुटा तपासायचा. त्यासाठी आमचा मोठा कॉम्प्युटर आपल्या पोटात एक खोटी पेटी तयार करतो. कोरी करकरीत. तपासणी झाली की मोडून टाकतो. पुढच्या वेळी पुन्हा नवी. मागचं काहीही पुढे येत नाही.

काहीही नाही.

बेलचा भाग मास्तरांचा. त्याची एक तपासणी नऊ मिनिटं चालायची. नेट बंद करायचं, बेल दाबायची, थांबायचं, आणि नेट आल्यावर अडकलेला फोन जातो का ते बघायचं. फाईलमध्ये एक अक्षर बदललं तरी पुन्हा नऊ मिनिटं.

"मास्तर, किती वेळ खाते हो तुमची बेल!"

"घाईबाई, पडलेला माणूस याहून जास्त थांबतो."

एका गुरुवारी काम द्यायचं होतं. मी नेटचा भाग बदलला होता. मास्तर रजेवर. मी त्या तपासणीपुढचं 'चालू' खोडून 'बंद' लिहिलं. एकच शब्द. म्हटलं, उद्या परत चालू करू.

केलं नाही. विसरले... असं मी सगळ्यांना सांगेन. खरं सांगू? शुक्रवारी आठवलं होतं. नऊ मिनिटांचा कंटाळा आला.

माझा नेटचा भाग सुटा तपासला, तर उत्तम. मास्तरांची बेल सुटी तपासली, तर उत्तम. पण दोन्ही एकत्र आले आणि नेट गेलेलं असलं, की दाबलेली बेल तशीच गिळली जायची. ही चूक पकडणारी एकच तपासणी होती.

मास्तरांच्या घरीही पेटी होती. बायको गेल्यापासून ते एकटेच. नवीन काम झालं की पहिल्यांदा स्वतःच्या पेटीत घालायचे. "आधी आपल्या घरात, मग लोकांच्या."

दहा दिवसांनी, रविवारी दुपारी, मास्तर पलंगाशेजारी पडले.

सोमवारी शेजाऱ्यांनी दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत तरी जीव होता.

त्यांची मुलगी दुसऱ्या गावी असते. पुढच्या आठवड्यात ती पेटी घेऊन ऑफिसात आली.

"ताई, बाबांनी बेल दाबली होती का, तेवढं बघून सांगा ना. मला फोन आला नाही. त्यांनी दाबलीच नसेल तर निदान..."

तिला बाहेर बसवलं. पेटी जोडली. नोंदी उघडल्या.

४:२० बेल दाबली.

४:२१ बेल दाबली.

४:२१ बेल दाबली.

मी खाली खाली जात राहिले... सतरा वेळा. शेवटची ५:०२ ची. त्यांच्याकडचं नेट सव्वापाचला परत आलं होतं. सतरातला एकही फोन गेला नव्हता.



मग मी जे केलं, ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मी फाईलवरून पेटी नव्याने बनवली. दोन मिनिटं लागली. पेटी कोरी झाली. सतरा ओळी गेल्या.

बाहेर येऊन म्हणाले, "नाही गं. दाबलीच नव्हती. शुद्धच हरपली असेल, कळलंही नसेल त्यांना काही."

ती माझ्या गळ्यात पडून रडली. "बरं झालं ताई. म्हणजे त्यांनी मला बोलावलंच नाही. मला वाटत होतं, बोलावलं आणि मी गेले नाही."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. स्वतःची इतकी किळस मला कधी वाटली नव्हती.

पेटी तिला नको होती. बॅटरी काढून मी ती ऑफिसच्या कपाटात ठेवली.

माझी झोप उडाली. शेवटी महिनाभराने, त्या रविवारी एकटीच ऑफिसात गेले. 'बंद' खोडून 'चालू' लिहिलं. नेटमधली चूक दुरुस्त केली. तपासणी लावली आणि पूर्ण नऊ मिनिटं हात बांधून बसले.

पास.

जीव भांड्यात पडला. सहज नोंदींकडे नजर गेली...

बेल दाबली. बेल दाबली. बेल दाबली.

तपासणी बेल एकदाच दाबते. मी मोजलं. एक तिची. आणि त्याच्या वर... सतरा.

म्हटलं, माझंच काहीतरी चुकलंय. फक्त घड्याळाचा भाग बनवला. त्यात बेल नावाची वस्तूच नसते.

सतरा.

मग रिकामी फाईल घेतली. काहीच लिहिलं नाही. बेल नाही, घड्याळ नाही, नोंदी ठेवणारा भागही नाही. स्क्रीन काळी राहायला हवी होती.

राहिली. एक मिनिट... दोन मिनिटं...

टक.

आवाज माझ्या पाठीमागून आला. कपाटातून.

लाल बटण दाबलं की येतो तोच आवाज. टक... टक... पेटीला ना वायर, ना बॅटरी. मला उठता येईना. मी नुसती मोजत बसले. सतराला थांबेल असं वाटलं.

अठरा. एकोणीस.

तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मी किंचाळलेच. मास्तरांची मुलगी.

"ताई, सुट्टीच्या दिवशी त्रास देतेय. तुमचं टेस्टिंग चालू असतं का हो? दर रविवारी दुपारी बाबांच्या पेटीवरून फोन येतो. आत्ताही येत होता. मी कट करते. म्हटलं, उगाच तुमच्या कामात लुडबुड नको."

आमची खोटी पेटी खोट्याच फोनला फोन लावते. तिला बाहेर जायला वाटच नसते.

हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. बाबांनी बोलावलं होतं गं, सतरा वेळा, मी अडवलं.

"हो," मी म्हणाले. "टेस्टिंगच आहे."

"मग उचलू नको ना?"

कपाटातला आवाज थांबला होता. कुणीतरी कान देऊन ऐकत असल्यासारखी शांतता...

"नको," मी म्हणाले.

टक.

याला चार महिने झाले. लोकांच्या घरच्या पेट्या आता नीट चालतात, नेट गेलं तरी फोन पोहोचतो. मास्तरांची पेटी मी तळघरातल्या गोदामात नेऊन ठेवली. खाली जायची हिंमत होत नाही.

काल तिचा मेसेज आला.

'ताई, टेस्टिंग संपलं नाही का अजून? हल्ली रोज येतो फोन. एकदा उचलून बघू का?'

तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा खोडलं. शेवटी इथे लिहिलं, तुम्हा अनोळखी लोकांना. तिला मी अजून काहीच कळवलेलं नाही.