रिकाम्या खोक्याचं बरोबर उत्तर

आमच्या विज्ञान केंद्रात ‘हात लावू नये’ अशी पाटी फक्त एका ठिकाणी आहे. संचालक मॅडमच्या केबिनमधल्या नव्या सोफ्यावर. बाकी सगळीकडे मुलांनी हात लावावा, ओढावं, फिरवावं आणि शक्यतो मोडू नये, अशी अपेक्षा असते. मोडलंच तर सुतारकाम विभाग आहे. त्या विभागात एकच माणूस आहे. त्याला सगळे रंधा म्हणतात.

माझ्याकडे स्पर्शदालन आहे. भिंतीला लागून कमरेएवढ्या उंचीची फळी, तिच्यावर ओळीनं लाकडी खोकी. प्रत्येकाला समोर एक गोल भोक आणि भोकाला इलास्टिकची काळी झालर, म्हणजे हात आत जातो, नजर जात नाही. आत शंख, स्पंज, भोवरा, लोकरीचा गुंडा असलं काहीबाही. मुलांनी हात घालायचा आणि ओळखायचं. कसं, ते मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय: आधी गार की गरम. मग कडा. मग पोत. शेवटी उचलून वजन. मग सांगा. बरोबर सांगितलं की वस्तू बाहेर काढून बघायला मिळते. बक्षीस एवढंच, पण त्यासाठी मुलं एकमेकांच्या पायावर पाय देतात.

शेवटचं खोकं रिकामं असतं. मुद्दाम. ‘काही नाही’ हेही निरीक्षणच आहे, आणि ते मोठ्यानं सांगायला धैर्य लागतं, असं माझं मत आहे. आमच्या मासिक बैठकीत इतक्या वर्षांत हे उत्तर एकानंही दिलेलं नाही.

यंदा मॅडमच्या मनात स्क्रीन बसल्या होत्या. दालन काढायचं आणि त्या जागी काचेचे मोठे फलक लावायचे. बोट फिरवलं की शंख फिरतो. “पण मॅडम, काचेवरचा शंख काचेसारखाच लागतो,” मी म्हणालो. “समिती बघून ठरवेल,” त्या म्हणाल्या. समिती म्हणजे शिक्षण खात्याची चार माणसं आणि स्वतःची शाळा चालवणारे एक अध्यक्ष. त्यांनी मान हलवली तर दालन राहणार होतं, नाहीतर खोकी भंगारात. मी निर्धास्त होतो. मुलांनी एकदा हात घातला की समितीला दुसरं काही सांगावं लागणार नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

त्याच सुमारास एका शाळेतली दोन वेण्यांची मुलगी शेवटच्या खोक्यातून हात काढून म्हणाली, “काका, आतून काहीतरी गार लागलं.”

खिळा असणार. मी हात घातला. प्लायवुड, कोपऱ्यात थोडा भुसा. रंध्याला बोलावून झाकण उघडायला लावलं. खिळा नव्हता.

“हवा असेल,” रंधा म्हणाला.

“बंद खोक्यात?”

“मग नसेल.”

तिच्या मागच्या मुलालाही गार लागलं. त्याच्या मागच्यालाही. एकानं सांगितलं की रांगेतल्या सगळ्यांना तसंच लागतं, हे मला ठाऊक आहे. मी दुर्लक्ष केलं.

पुढच्या आठवड्यात दुसरी शाळा आली, गावाच्या दुसऱ्या टोकाची. या मुलांना गार लागल्यावर आणखी एक गोष्ट लागली. “नखांच्या कडेनं कुणीतरी बोट फिरवतंय,” एक जण म्हणाला. “गुदगुल्या होतात!” दुसरा ओरडला. कुणी घाबरलं नाही, याचा मला थोडा राग आला. घाबरली असती तर कल्पनेचे खेळ म्हणून मोकळा झालो असतो. ही मुलं मात्र शंखाबद्दल जसं सांगतात तसंच सांगत होती.

आता मी पद्धतशीरपणे कामाला लागलो. झाकण उघडं ठेवून मुलांना हात घालायला लावला. काही नाही. बंद केलं की पुन्हा. मोठ्यांना कधीच काही लागत नव्हतं. मी, रंधा, तिकिटवाल्या बाई, सगळ्यांनी खांद्यापर्यंत हात घालून पाहिले. मग खोकं बदललं. नव्या प्लायवुडचं, डिंकाचा वास न गेलेलं खोकं त्याच जागी ठेवलं. त्या दिवशीच्या मुलांनी सांगितलं की हात आहे, त्यांच्याच हाताएवढा, आणि तो तळवा घासून बघतोय.

मी भिंतीकडे पाहिलं. गार की गरम. कडा. पोत.

तो हात मुलांना धरत नव्हता. ओळखत होता.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचा मजकूर कागद लावून झाकला आणि मुलांना पद्धत सांगितलीच नाही. मुलांनी कसंही चाचपलं. आतल्यानं मात्र क्रम चुकवला नाही.

रिकामं खोकं तेव्हाच उचलायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण समितीला पाठवलेल्या टिपणात मी त्याच खोक्यावर दीड पान लिहिलं होतं.

समिती यायच्या आदल्या दिवशी मॅडम दालनात आल्या. “त्या शेवटच्या खोक्याचं तेवढं बघा. मुलं ‘काही नाही’च म्हणतील ना?”

“निरीक्षण मुलांचं असतं, मॅडम.”

“आणि दालन तुमचं.”

समितीसमोर माझ्या भाचीचा वर्ग येणार होता. ही वशिलेबाजी नव्हे. शाळा जवळ होती. भाचीला घरात सगळे वकील म्हणतात. जेवायला बसलं तरी ती ताटावर हरकत घेते. सकाळी वर्गाला ओळीत उभं करून मी सगळं समजावलं आणि शेवटी सांगितलं, “शेवटच्या खोक्यात हात घातलात की उत्तर द्यायचं, काही नाही.”

“मामा,” वकील म्हणाली, “उत्तर आधीच माहितीये, मग हात कशाला घालायचा?”

वर्ग हसला. मीही हसलो.

समिती वेळेवर आली. शंखावर खूश झाली, भोवऱ्यावर जास्त खूश झाली. मग शेवटचं खोकं. वकील सगळ्यांत पुढे होती. ताईनं विणलेला तिचा स्वेटर यंदा तोकडा झाला होता, मनगटं उघडी पडत होती. घाईत तिनं बाही वर न सारताच उजवा हात घातला.

अध्यक्ष वाकले. “काय आहे बाळ आत?”

ती खालचा ओठ दातात धरून खोक्याच्या झाकणाकडे बघत राहिली.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

“काही नाही,” वकील म्हणाली. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

हात मात्र तिनं काढला नाही.

मग तो कोपरापर्यंत गेला. मग खांद्यापर्यंत. गाल झाकणाला टेकला, टाचा जमिनीवरून सुटल्या.

“चल, आता सरांना जागा दे,” मी म्हणालो आणि तिचे खांदे धरून मागे घेतलं.

ती आली नाही.

मी पुन्हा ओढलं. इलास्टिक नवीन होतं, घट्ट असणार. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा ती एकदम सुटून माझ्या अंगावर आली.

अध्यक्षांनी हात घातला आणि त्यांचा चेहरा उजळला. “वा! खरंच काही नाही!” समितीनं टाळ्या वाजवल्या. दालन राहिलं. आणि सगळ्यांत जास्त आवडलं ते रिकामं खोकंच, कारण त्यात घालायला काही विकत आणावं लागत नाही. प्रत्येक शाळेत एक हवंच, असं ठरलं. नमुना म्हणून अध्यक्षांनी ते लगेच मागून घेतलं. रंध्यानं ते उचलून त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं.

वकील बाहेर पायऱ्यांवर बसली होती, हात मांडीखाली दाबून. मी शेजारी बसलो.

“खरं सांग. होतं का?”

“होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तूच म्हणालास ना, काही नाही म्हणायचं.”

“काय केलं त्यानं?”

“गार-गरम, कडा, पोत, सगळं भराभर. त्याला आता पाठ झालंय. मग मला उचललं. वजन बघायला.”

“मग?”

“मग पलीकडून कुणीतरी त्याला विचारलं, सांग बघू काय आहे?”

“पलीकडे भिंत आहे.”

“माहितीये मला. आवाज तुझ्यासारखा होता. समजावून सांगणारा.”

गाडी फाटकातून वळली. मागच्या काचेतून खोक्याचं काळं भोक आमच्याकडे बघत गेलं.

“मग काय सांगितलं त्यानं?”

“बरोबर सांगितलं.” ती माझ्याकडे वळली. “मामा, बरोबर ओळखलं की बाहेर काढून बघू देतात ना?”

मी काहीतरी म्हणालो असेन. ती उठली आणि वर्गाच्या रांगेकडे निघाली. डावं मनगट नेहमीसारखं उघडं होतं. उजवी बाही ताणली जाऊन बोटांच्याही खाली वीतभर लोंबत होती.