ठकीची नजर

दारामागे टांगलेला छोटा फ्रॉक. इस्त्री केलेला.

रबराची एक भुवई, टेबलावर काढून ठेवलेली.

जेवायला तीन ताटं. माणसं दोन.

हे घडलेलं आहे. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. तिच्यासमोर हा विषय काढायची सोय नाही, म्हणून मी सांगतोय. रात्रबित्र नव्हती. रविवारची दुपार, तिच्या दिराचं घर, तिसरा मजला.

ताईचं काम सोबतीचे रोबो दुरुस्त करायचं. एकट्यादुकट्याशी बोलणारे, हसणारे, रडवेलं तोंड करणारे. त्यांचा नियम साधा. समोर माणूस आला की त्याच्या डोळ्यांच्या उंचीला मान वळते, मग चेहरा बदलतो. समोर कुणी नसलं की चेहरा कोरा.

दिराने गुपचूप बोलावलं होतं. त्यांची लहानगी लेक, चिमणी, तापाने गेली, तेव्हापासून त्याची बायको, म्हणजे ताईची धाकटी जाऊ, हसायची बंद झाली होती. आता हसायची, पण फक्त रोबोशेजारी बसून. त्याचं नाव तिने ‘ठकी’ ठेवलं होतं.

"वहिनी, काहीतरी करा," दीर म्हणाला होता. "ही हातची जाईल माझ्या."

ठकी कोपऱ्यात उभी होती. समोर कुणीच नव्हतं.

आणि ती हसत होती... खाली बघून.

ताईने मान तपासली. कुठे अडकत नव्हती. मग तिने ठकीच्या डोळ्यांपुढे पंजा धरला.

ठकी वाकली... पंजाच्या बाजूने डोकावली... आणि पुन्हा तिथंच बघून हसली.

"सेटिंग बिघडलंय," ताई कशीबशी म्हणाली.

"बिघडलं नाही, ताई." धाकटी भाजी निवडत होती. "मागच्या वर्षी याहून खाली बघायची. पोर वाढतेय. फ्रॉक आखूड झालेत सगळे."

धाकटी चहा टाकायला आत गेली. तेवढ्यात ताईने ठकीच्या आठवणीत जे काही असेल ते सगळं पुसून टाकलं. धाकटीच्या भल्यासाठीच.

ठकीचा चेहरा कोरा झाला.

दुसऱ्या दिवशी ताई वर्कशॉपमध्ये शिरली. चाचणीला लावलेले रोबो ओळीने उभे होते. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. नेहमीसारखे हसले.

मग एकेकाची मान झुकली... तिच्या उजव्या हाताशी.

आणि सगळे लाडाने हसले.

तेवढ्यात फोन आला. धाकटीचा.

"ठकी आता कुठंच बघत नाही, ताई." मग हळूच, "नेलीत ना पोरीला? जेवली का ती?"

ताईने ते काम सोडलं. पण रस्ता ओलांडताना अजून तिचा उजवा हात थोडा बाजूला असतो, बोटं अर्धी मिटलेली. विचारलं तर म्हणते, सवय.

धाकटी अधूनमधून ताईकडे येते. आत येत नाही. दारातूनच एक फ्रॉक हातात ठेवते आणि जाते.

दर वेळी माप थोडं मोठं असतं.

ठकी त्या घरात आली ती चिमणी गेल्यानंतर; जिवंत चिमणी तिने कधी पाहिलीच नव्हती. ताईनेच आणून दिली होती.