ब्रोमोच्या काठावरून फेकलेलं

कोंबडा

मी फेकला... आणि त्याने झेलला.

डोंगराच्या देवाला नवस वाहायच्या कसादा सणाची पहाट. ब्रोमो ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर आमचं अख्खं गाव – हातात कोबी, बटाटे, झेंडू. राखेने शेत गेलं, पण बाबा वाचले. त्या नवसाचा माझा तांबडा कोंबडा मी डोळे मिटून सोडला. खालून हसू आलं. आतल्या उतारावर, फेकलेलं झेलायला उतरलेल्यांत, काठीला बांधलेली जाळी उंच धरून, एक जण उभा.

"देवाचा आहे तो!"

"देव फक्त मन घेतो, बाई. पिसं माझी."

"परत दे."

"फेकलेलं परत मागतात होय? झेललेलं झेलणाऱ्याचं." कोंबडा काखेत घेत – "नाव काय?"

"कोंबड्याचं?"

"त्याचंही सांग."

"वार्तिनी," मी म्हटलं. कोंबड्याला नाव नव्हतंच.

कोबी

दर आठवड्याला मी बाजारात कांद्याची पात विकायची. खालच्या गावचा पोनिदी यायचा, कोंबडा काखेत.

"अजून शिजवला नाहीस?"

"शिजवला तर इथे यायचं निमित्त काय सांगू?"

त्याच्या जाकिटाला गंधकाचा वास यायचा. मला तो... आवडू लागला.

पुढच्या कसादाला मी कोबी फेकला – मुद्दाम त्याच्या बाजूला. तो वळला आणि पायाखालची राख सरकली. धूर. तो दिसेना.

"वाचव त्याला," मी डोंगराला म्हटलं. "माझं सगळ्यात लाडकं असेल ते तुझं."

धुरातून आधी जाळी आली, जाळीत कोबी, मग तो.

आणि मग मला कळलं, मी काय बोलून बसले होते. आमच्या जुन्या कथेतल्या कुसुमाचे आईबापही या डोंगराला असाच नवस बोलून गेले होते. त्यांचा हा धाकटा लेक या आगीतच गेला.

वर्षभर मी पोनिदीकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही तर लाडका उरणार नाही, असं वाटलं.

उरलाच.

पोनिदी

यंदा तो जाळीशिवाय थेट काठावर आला. "माझं काय चुकलं?"

सांगितलं सगळं. तो हसू लागला. मग – "म्हणजे लाडका मी!"

"हसतोस काय मेल्या! नवस फेडायचाय मला."

"मग फेड." तो काठावरून एक पाऊल आत उतरला. बुटाखाली राख भुरभुरली. "शब्दानेच फेक. देव मन घेतो."

मी हात जोडले. "ब्रोमोबाबा... हा तुझा."

डोंगराने पांढरा श्वास सोडला. खालचे झेलणारे माना वर करून बघत होते.

"लवकर," पोनिदी कुजबुजला, "नाहीतर दुसरं कोणी झेलेल."

माझ्या उजव्या खांद्यावर, अंगावर पांघरलेल्या सारुंगची गाठ होती – लग्न न झालेल्या मुलीची. मी ती सोडली. कापड दोन्ही हातांनी पसरून धरलं, जाळीसारखं.

"झेललेलं –" मी म्हटलं.

"झेलणारीचं," तो म्हणाला... आणि एक पाऊल वर आला.