अक्काचा श्वास

बाळांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही सतरंजीवर पेटीपुढे बसला आहात. समोर डाळ-तांदळाच्या डब्यांवर मोबाईल उभा करून ठेवला आहे, पाठीमागे आईची जांभळी इरकली साडी पडद्यासारखी ताणून बांधली आहे, आवाज नको म्हणून पंखा बंद आहे, आणि घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर आला तरी पुसायचा नाही! मोबाईलच्या मागून आईचा आवाज येतो, "सरक गं बाजूला. स्वल्प. अजून स्वल्प…" तुम्ही सरकता, तुमच्याबरोबर पेटी सरकते, आणि शेवटी तुमचा खांदा कपाटाला टेकतो. आता सरकायला जागाच उरलेली नाही. सांगा पाहू, कसं वाटेल तुम्हाला?

शलाकाला अगदी तसंच वाटत होतं.

"अजून तुझा हात दिसतोय," मोबाईलच्या पडद्यात बघत आई म्हणाली. "लोकांचं लक्ष उगीच तिकडे जातं."

"मग काय कपाटात बसून वाजवू?"

"उलट बोलू नकोस हं, शलाका! आज लाइव्ह आहे. चुकलं तर पुन्हा घेता येत नाही."

साडीच्या पडद्यापुढे बरोबर मधोमध धाकटी मुग्धा बसली होती. आठ वर्षांची, दोन वेण्या, वेण्यांवर शेवंती, कपाळावर चंद्रकोर. बसवनगुडीच्या त्या छोट्याशा घरातली ही मुलगी आता कितीतरी लोकांच्या मोबाईलमध्ये रोज सकाळी अभंग गात होती.

आजोबांच्या वेळेपासून हे घर बंगळुरात मुरलेलं, म्हणून आई 'थोडं'ला स्वल्प म्हणे, आणि मुग्धा थोरल्या बहिणीला अक्का. आणि खरं सांगायचं तर, गाणारी होती ती अक्काच! गाण्याच्या वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात शलाकाचंच नाव होतं. पण त्या दिवशी मुग्धा पडद्याआड हमसून हमसून रडायला लागली… मलाही गायचंय, मलाही! शलाकाने तिचे डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं, तू गा. मी पेटीवर बसते. तुझा श्वास संपला ना, की पायाच्या अंगठ्याने माझा पाय दाब. पुढचा सूर मी धरीन. कुणाला सांगायचं नाही मात्र!"

तसंच झालं. वरचा सा लागला, मुग्धाचा इवलासा श्वास संपला, तिने पाय दाबला, आणि पेटीवर मान घातलेल्या शलाकाने तोच सूर अलगद उचलून धरला. दोघी बहिणींचे आवाज एकाच मुशीतले. सांधा कुठे लागला ते कुणाला कळलंच नाही. आईने घेतलेला तो व्हिडिओ लोकांनी एकमेकांना पाठवला आणि मुग्धा एकदम प्रसिद्ध झाली. उभ्या मोबाईलच्या चौकटीत एकच माणूस नीट मावतं ना, म्हणून पुढच्या प्रत्येक व्हिडिओत शलाका जराशी बाजूला सरकत गेली.

सुरुवातीला तिला काही वाटलं नाही. मग हळूहळू वाटायला लागलं. लोक काय लिहीत? 'एवढ्याशा जिवाचा केवढा दमसास!' आई ते मोठ्याने वाचून दाखवी, आणि शलाकाच्या छातीत काहीतरी खुपे… तो दमसास माझा आहे! माझा!

मागच्याच आठवड्यात गांधी बझारात फुलं घेताना एक जोडपं धावत आलं. पुण्याहून नुकतं आलेलं, इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणारं.

"ओ माय गॉड, मुग्धा ना तू? अरे, हिचं ब्रेथ कंट्रोल काय इन्सेन आहे!" ती बाई म्हणाली आणि आपला मोबाईल शलाकाच्या हातात देऊन हसली. "तू हिची ताई का? एक फोटो काढ ना, प्लीज. आम्हा तिघांचा."

शलाकाने फोटो काढला. मुग्धा काहीतरी सांगायला तोंड उघडत होती, पण अक्काने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरी येईपर्यंत तिच्या मनात मत्सराची ती काळी ठिणगी चांगलीच धुमसायला लागली होती. बहिणीच्या वेण्यांचा, बहिणीच्या हसण्याचा, ताटात तिला आधी वाढलेल्या तुपाचासुद्धा तिला राग यायला लागला!

आणि आज लाइव्ह होतं.

अण्णांनी, म्हणजे बाबांनी, पंख्याच्या बटणापाशी आपली नेहमीची जागा घेतली. आईने खूण केली. मुग्धा गायला लागली, इतकं गोड, की शलाकाची बोटं पेटीवर आपोआप धावू लागली. अंतरा आला. वरचा सा लागला, स्वच्छ, लखलखीत… आणि शलाकाच्या पायावर तो ओळखीचा, गरम, छोटासा अंगठा टेकला.

शलाकाने ओठ घट्ट मिटून घेतले.

अंगठा पुन्हा दाबला गेला. जोरात. पुन्हा! अक्का… अक्का! आणि मग सूर तुटला. मुग्धा श्वास घेण्यासाठी धडपडली, तिला ठसका लागला, आणि तो ठसका सगळ्या जगाने ऐकला.

आईने झडप घालून मोबाईल बंद केला. "काय केलंस हे? हजारो माणसं बघत होती! आंबट खाल्लंस ना? खरं सांग, चिंच खाल्लीस ना?"

मुग्धाने एकदाच अक्काकडे पाहिलं. त्या डोळ्यांत राग नव्हता. नुसतं आश्चर्य होतं, अंधारात जिना उतरताना एक पायरी नसावी तसं. मग ती खाली बघून म्हणाली, "हो आई. खाल्ली."

"किती वेळा सांगितलं होतं! ऊठ, काढ ती फुलं. पुरे झालं तुझं गाणं!"

मुग्धा मुकाट्याने वेणीतली शेवंती सोडवू लागली. शलाकाने पेटीचा भाता मिटला. चिंच? गळा जपायचा म्हणून ही पोर कोसंबरीतल्या, म्हणजे डाळीच्या कोशिंबिरीतल्या, कैरीच्या फोडीसुद्धा वेचून वेचून अण्णांच्या ताटात टाकत होती! चिंचेची बरणी उघडून नुसता वास घेई आणि परत झाकण लावी. आणि ती आता माझ्यासाठी… मला वाचवायला…

"आई," शलाका म्हणाली. "तिने चिंच खाल्ली नाही. सूर मी सोडला."

"म्हणजे? पेटी तर चालू होती."

"पेटी नाही गं… गळा. तिचा श्वास संपला की पुढे मी गाते. नेहमी. पहिल्या दिवसापासून."

"काहीतरीच काय! मी समोर बसलेली असते, मला दिसलं नसतं?"

"तू मोबाईलमध्ये बघत असतेस, नयना," बटणापाशी बसलेले अण्णा हळूच म्हणाले. "मी इथून रोज बघतो. मला वाटायचं, तुम्ही तिघींनी मिळून ठरवलंय."

आईने जुना एक व्हिडिओ लावला आणि मोबाईल पालथा ठेवला. चेहरा नाही, फुलं नाहीत, साडी नाही… नुसता सूर. तिने डोळे मिटले. वरचा सा लागला, आणि एका जागी, केसाएवढ्या फटीत, तिला दुसरी मुलगी ऐकू आली! तिची स्वतःची, तिनेच कपाटापर्यंत सरकवलेली!

"शलाका…" तिचे डोळे भरून आले. "अगं, मग आज का सोडलास?"

"कारण मला हिचा राग येतो!" शलाका ओक्साबोक्शी रडायला लागली. "श्वास माझा, आणि कौतुक हिचं! मला वाटलं, एकदा पडू दे हिला उघडं… पण मला हे नको होतं गं आई, असं नको होतं!"

हातातली शेवंती टाकून मुग्धा तिच्या गळ्यात पडली. "अक्का, त्या फोटोवाल्या काकूंना मी सांगणारच होते! पण तूच म्हणाली होतीस, कुणाला सांगायचं नाही… आणि मी सांगितलं असतं आणि तू रागावून गायची थांबली असतीस, तर मी कशी गाणार होते?"

आईने दोघींना एकदमच कवेत घेतलं. "चुकलं गं माझं, बाळा," ती शलाकाच्या केसांत पुटपुटली. "दोघी पोटच्या, आणि मला एकच दिसत होती." अण्णांनी काही न सुचून पंखा लावला, आणि इरकली साडी फडफडून त्या तिघींच्या अंगावर आली, तशा त्या रडता रडता हसायला लागल्या.

पुढच्या रविवारी पुन्हा डबे मांडले गेले. या वेळी आईने मोबाईल आडवा ठेवला, आणि त्याच्यावरून मान उंच करून खोलीकडे पाहिलं.

"शलाका, सरक गं," ती म्हणाली. "अजून स्वल्प… इकडे, आत."

मुग्धाने तिला आपल्या सतरंजीवर जागा करून दिली. "आज तू सुरू कर, अक्का. मी मागून येते."

शलाकाने अभंग उचलला. प्रसिद्ध बहिणीची ती आता कुणी ताई नव्हती, चौकटीबाहेरचा हातही नव्हती; कितीतरी दिवसांनी ती आपल्या गळ्याने, मान वर करून गात होती. अंतरा आला, वरचा सा लागला. सूर लांबत गेला… अजून लांबला… तिच्या छातीत श्वास भरपूर होता, ती एकटीच तो शेवटपर्यंत नेऊ शकली असती.

आणि मग शलाकाने काय केलं, ठाऊक आहे? तिने पेटीच्या आडून हळूच पाय पुढे सरकवला आणि आपला अंगठा मुग्धाच्या पायावर दाबला.