सदतीस अंश

ओरोरू गावातल्या मर्व्ह चेनोवेथच्या शेडमधल्या जुन्या गाडीचं एकच काम उरलं होतं. इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर बदलायचा. अंगठ्याएवढा पितळी तुकडा, एक वायर, एक पाना; फार तर अर्ध्या तासाचं काम. पण मर्व्हनं ते सहा महिने लांबणीवर टाकलं होतं.

सदुसष्ट सालची ती स्टेशन वॅगन त्याच्या बायकोची, नोलाची. जानेवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, ती हॉकर गावाला बहिणीकडे निघाली तेव्हा दारातून म्हणाली होती, "मर्व्ह, काटा परत लालवर जातोय. जरा बघतोस का?"

"काटा खोटं बोलतो. सेन्सर गेलाय त्याचा. तू बिनधास्त जा."

हातात चहाचा कप होता. तो जागचा उठलासुद्धा नाही. नोलानंही पुन्हा विचारलं नाही, कारण गाडीच्या बाबतीत मर्व्हचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

वाटेतल्या क्रॅडॉक गावाच्या अलीकडे इंजिन जॅम झालं. बाहेर सेहेचाळीस अंशांचं ऊन. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघायचं नाही, कुणीतरी शोधत येतंच, हे तिकडे पोरांना चालायला लागल्याबरोबर शिकवतात. नोला गाडीपाशीच थांबली. मर्व्हला वाटलं ती पोचली. बहिणीला वाटलं उन्हामुळे निघालीच नाही. दुसऱ्या दिवशी मेंढ्यांच्या ट्रकवाल्याला ती सापडली. तिचं अंग बेचाळीस अंशांपर्यंत तापलं असणार, असं डॉक्टर म्हणाले होते.

त्यानंतर मर्व्हनं इंजिन पुन्हा बांधलं, नवा रेडिएटर बसवला. जुना आत न डोकावताच भंगारात दिला. विचारपूस करायला येणाऱ्याला तो एकच सांगायचा, "त्या सेन्सरनं माझी बायको नेली."

जुलैतल्या त्या थंडीच्या सकाळी गवतावर दव गोठलं होतं. शेजारचा डेस हॉकली नवा सेन्सर फुंकून साफ करत होता.

"आट्यांना टेप गुंडाळू नकोस हं. अर्थिंग तुटतं."

"तू मला शिकवणार? तुझी गाडी ढकलून ढकलून गावाला पोक आलंय."

डेस हसला. मर्व्ह फार दिवसांनी चेष्टेत बोलला, याचंच त्याला बरं वाटलं. जुना सेन्सर निघाला तसं हिरवं पाणी मर्व्हच्या मनगटावरून ओघळलं. भोकावर अंगठा दाबून त्यानं दुसऱ्या हातानं नवा सेन्सर आत फिरवला आणि गाडी सुरू केली. काटा हळूहळू मधोमध येऊन थांबला.

"झालं. आता तो जुना दे फेकून," डेस म्हणाला.

"आधी उकळून बघतो. त्याचा खोटेपणा मला या डोळ्यांनी बघायचाय."

स्वयंपाकघरात त्यानं पातेल्यात पाणी तापत ठेवलं, सेन्सर तारेनं आत सोडला, विजेचा रोध मोजणाऱ्या मीटरचे चिमटे लावले. शेजारी नोलाचं जॅम करायचं थर्मामीटर. पाणी तापेल तसा मीटरवरचा आकडा तो गाडीच्या पुस्तकातल्या तक्त्याशी ताडू लागला. पन्नास अंश, बरोबर. सत्तर, बरोबर. नव्वदलाही बरोबर.

सेन्सर ठणठणीत होता. तो कधीच खोटं बोलला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. चोर तर त्या दिवशी खुर्चीत बसून चहा पीत होता.

"मर्व्ह..." मागे उभा असलेला डेस म्हणाला.

"तू घरी जा, डेस."

डेस गेला. मर्व्हनं गॅस बंद केला, सेन्सर टेबलावर काढून ठेवला आणि समोर बसून राहिला. पातेल्यातलं पाणी गार पडलं. बऱ्याच वेळानं त्याचं लक्ष मीटरकडे गेलं. चिमटे लागलेलेच होते. तक्त्याप्रमाणे आकडा होता सदतीस अंशांचा.

त्यानं सेन्सरला बोट लावलं. पितळ बर्फासारखं लागलं.

आकडा सरकला. अडतीस... एकोणचाळीस...

हे इंजिनाचं तापमान नव्हे. हे कुणाच्या तरी अंगाचं होतं. कुणाच्या, ते त्याला विचारावं लागलं नाही. सेन्सर मुठीत धरून तो पुटपुटला, "काटा खरं सांगतोय, नोला... गाडी थांबव. थांबव गं."

आकडा चाळीसवर थांबला. पण उतरेना.

तेव्हा त्याला कळलं. ती थांबली होती, पण उन्हात. आणि शोधत कुणी येत नव्हतं.

पाण्याचा कॅन उचलून तो नोलाच्या गाडीकडे धावला. शेजारच्या सीटवर मीटर, त्याला लावलेला सेन्सर, आणि रस्ताभर तोच आकडा, चाळीस. क्रॅडॉकच्या अलीकडच्या त्या जागी पोचेतो चार वाजले होते. बोचरा वारा सुटला होता आणि घाईत तो कोट विसरला होता. त्यानं कॅन जमिनीवर ठेवला, झाकण उघडलं.

"मी आलोय. उशीर झाला... फार उशीर झाला."

आकडा उतरू लागला. एकोणचाळीस. अडतीस. सदतीस.

मर्व्ह गाडीत येऊन बसला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. अंत्यविधीलासुद्धा तो असा रडला नव्हता. तिची माफी मागितली, पुन्हा मागितली, मग बहिणीच्या, बागेच्या, कसल्या कसल्या गोष्टी तिला सांगत बसला. ऊन टेकड्यांआड गेलं. बोटं बधिर झाली, तसं त्यानं डोळे पुसले.

"चल, घरी जाऊ आता."

त्यानं किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं, काटा जागच्या जागी आला. शेजारच्या सीटवर मात्र अडतीस झाले.

त्यानं गाडी बंद केली. सदतीस.

काही वेळानं त्यानं पुन्हा किल्ली फिरवली. अडतीस... एकोणचाळीस... चाळीस...

"बरं, बरं... नाही जात," तो घाईघाईनं म्हणाला आणि किल्ली काढून खिशात टाकली.

अंधार पडत चालला होता. काचेवर आतून दव धरायला लागलं होतं. दातांवर दात वाजत असताना मर्व्हच्या ध्यानात आलं की, आपण इथे आलोय हे आपण कुणालाच सांगितलेलं नाही.