आलीस का?

ते गाणं बंद कर आधी. आवाज कमी नको करूस, बंद कर. मला तुमच्या त्या बँडचं वावडं नाही. चार धडधाकट पोरं एका पेटीसमोर उभी राहून बटणं दाबतात आणि त्याला तुम्ही गाणं म्हणता, म्हणा बापडे. पण हे गाणं माझ्या घरात वाजणार नाही. तू पुतण्या असलास म्हणून सूट नाही, आणि तुझ्या या दोन मित्रांना तर मुळीच नाही.

का, ते ऐकायचंय? मग कानातले ते बोळे काढा तिघंही. गोष्ट माझ्या डोक्यातली नाही. वर भाडेकरू राहायचा, त्याच्या घरात घडलेली आहे.

त्याला मी मूळव्याध म्हणायचो. हसू नका, विचार करून ठेवलेलं नाव आहे. त्याला रोगच तो होता. गाणं कानावर पडलं की याचं मूळ कुठलं ते हुडकायचं. हा ढोल कुठल्या जुन्या तबकडीतून उचलला, ही बासरी कुणाची पळवली, मधे तो खोकला कोण. मग त्याचे व्हिडिओ करायचे, आणि जगभरच्या रिकामटेकड्यांनी ते बघून माना डोलवायच्या. नोकरी? होती ना. बायकोला होती.

बायको नर्स. आठवड्यातल्या निम्म्या रात्री ड्यूटीवर. एक मुलगी, साडेचार वर्षांची, आणि ती बोलत नव्हती. मुकी नव्हे. कान ठणठणीत, जीभ ठणठणीत, सांगितलेलं सगळं कळायचं. फक्त शब्द नाही. डॉक्टर म्हणायचे, बोलेल, तिची ती बोलेल, तुम्ही मागे लागू नका. ती माउली रात्रभर दुसऱ्यांची आजारपणं काढून सकाळी यायची, पर्ससुद्धा खाली ठेवायची नाही, पोरीला पुढ्यात बसवायची आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारायची, "मी कोण? आई. म्हण, आई." पोर गोड हसायची. मी खाली झाडांना पाणी घालत असायचो, मला ऐकू यायचं. त्या बाईला देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं. एक शब्द हवा होता.

आणि बाप? बाप कानांवर झाकणं चढवून बसलेला. पोर बोलली असती तरी त्याला दुसऱ्या दिवशी कळलं असतं. वरची टाकी वाहून माझ्या भिंती ओल्या व्हायच्या, तेही त्याला मीच जाऊन सांगायचो.

आता तुम्हीच सांगा. या गाण्याच्या सुरुवातीला काय आहे?

"बाईचा आवाज," तू म्हणतोस. "'आलीस का...' असा लांबवलेला. मग ड्रम्स सुरू होतात."

"अंगावर काटा येतो काका," तुझा हा मित्र म्हणतोय.

येणारच. तो काटा त्या चार बटणवाल्यांनी कमावलेला नाही. त्यांना कुणी विचारलं, ही बाई कोण? तर म्हणाले, जुनं काहीतरी सापडलं, छान वाटलं, घेतलं. रस्त्यात चप्पल सापडावी तसं. झालं, मूळव्याधीला कळ आली. वर्षभर त्यानं दुसरं काही केलं नाही. त्यानं शोधून काढलं की बँडनं ती हाक एका शिलाई मशीनच्या जाहिरातीतून उचलली. जाहिरातवाल्यानं उचलली रेडिओवरच्या एका श्रुतिकेतून. चोरावर मोर. आणि श्रुतिकेत ती घातली होती तिथल्या ध्वनिमुद्रकानं, ज्याला मरून पंचवीस वर्षं झाली. याने त्या म्हाताऱ्याचा नातू गाठला. नातवाकडे माळ्यावर आजोबांची टेपची चक्रं पडलेली. ते चक्र आणि ते वाजवायचं यंत्र, दोन्ही घेऊन हा दिग्विजय करून आल्यासारखा जिना चढला. शुक्रवार होता, फेब्रुवारीची अठ्ठावीस तारीख. गेल्या वर्षीची.

त्या रात्री साडेनऊला मला तिचा फोन आला, हॉस्पिटलमधून. "काका, हे फोन उचलत नाहीयेत. पिल्लूला संध्याकाळी कणकण होती. औषध दिलंय का, एवढं बघाल? बाटली फ्रिजवर आहे."

मी गेलो. तीनदा दार ठोठावलं तेव्हा उघडलं. औषध दिलं नव्हतं, हे सांगायला नकोच. मी बाटली शोधली, चमचा धुतला, पोरीला औषध पाजलं. ती जमिनीवर बसून ठोकळे रचत होती. अंग कोमट होतं, फार नाही.

"काका, आलाच आहात तर ऐका," हा म्हणाला. "हे आजवर कुणी ऐकलेलं नाही."

ऐकलं. सुरुवातीला नुसती खरखर. भांड्याचा आवाज, लांब कुठेतरी सायकलची घंटी. मग ती बाई. "आलीस का?" घरात काम करता करता दारात पाऊल वाजल्यासारखं वाटावं आणि विचारावं, तसं. मग शांत. बराच वेळ शांत. मग पुन्हा, "आलीस का?" पुन्हा शांत. असं चक्र संपेपर्यंत.

"कोण ही?" मी विचारलं.

"म्हाताऱ्याची शेजारीण," तो हसत म्हणाला. "तिची मुलगी एकदा शाळेतून घरी आलीच नाही. सापडलीही नाही. बाई रोज संध्याकाळी अशी विचारायची. मधली भिंत पातळ होती. म्हाताऱ्यानं भिंतीला माइक लावला. काय डोकं चाललं बघा."

बघा म्हणे. शेजारणीची पोर हरवली आणि हा भिंतीला माइक लावून बसला. तो गेला, ठीक आहे, मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. पण मी बोलणार. त्या माणसाची लायकीच तेवढी होती. आणि त्याच्या मागे त्या बाईचं दुःख विकून सगळ्यांनी आपापली मशीनं खपवली. हा शेवटचा, याने तर त्यावर कडी केली. मला पडद्यावर नागमोडी रेघा दाखवून म्हणतो कसा, "ही मधली शांतता सगळी भंगार आहे काका. लोक कंटाळून निघून जातात. मी ती कापून टाकली. आता नुसती हाक, एकाला एक जोडून. रात्रभर फिरवत ठेवणार. स्पीकरवर ही, कानात बँडचं गाणं. आवाज एकच आहे हे सिद्ध होईल."

"मग तिनं थांबायचं कधी?"

"कुणी?"

"त्या बाईनं. माणूस विचारतो तेव्हा उत्तरासाठी थांबतो."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ठोकळे रचत बसलोय. "काका," तो म्हणाला, "रेकॉर्डिंग आहे ते."

आणि लावलं. आलीस का आलीस का आलीस का. माणसाला श्वास घ्यायची सोय नाही. मी म्हटलं, पोर आजारी आहे, हळू कर. त्यानं बारीक केला आवाज. मी निघताना पाहिलं, पोरीनं ठोकळे खाली ठेवले होते. ती स्पीकरकडे बघत होती. वर्गात बाईंनी नाव घेतल्यावर मूल बघतं, तशी. मी फोन करून तिच्या आईला सांगितलं, औषध दिलंय, झोपेल आता. आणि खाली येऊन पडलो.

पंखा थांबला म्हणून जाग आली. घड्याळात पाऊण वाजला होता. लाइट गेली होती. रस्त्यावरचे दिवेही गेलेले.

वर आवाज चालूच होता.

मी मनात म्हटलं, बॅटरी असेल. या लोकांकडे घरात पीठ नसेल पण बॅटरी असते. कूस बदलली. डोळे मिटले. आणि मग ध्यानात आलं की काहीतरी वेगळं आहे.

"आलीस का?"

शांत.

ती शांतता त्यानं कापली होती. मी पाहिली होती कापलेली.

"आलीस का?"

पुन्हा शांत. मी पडल्या पडल्या छताकडे बघत होतो. स्पीकर वर खिडकीशी होता, माझ्या पायांच्या बाजूला. हाक तिथून येत नव्हती. माझ्या डोक्यावरून येत होती... स्वयंपाकघरातून.

बारीकही नव्हती आता. खरखर नव्हती. सायकलची घंटी नव्हती. नुसती बाई.

"आलीस का?"

आता दाराजवळून.

मग पावलं. लहान. अनवाणी. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, थांबत थांबत. कडी वाजली. आमच्या दारांच्या कड्या उंच आहेत, साडेचार वर्षांच्या पोराचा हात पोचत नाही.

आणि मग...

नाही, सांगतो. थांब जरा.

मग एक आवाज आला. स्वच्छ. थोडा बसलेला, कधी न वापरलेला.

"आले."

त्या घरात लहान मूल एकच होतं. मी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नव्हता.

जिना कसा चढलो, आठवत नाही. दार सताड उघडं. टॉर्च मारला. यंत्र बंद, चक्र थांबलेलं, स्पीकरवरचा दिवा विझलेला. बॅटरी-बिटरी काही नाही. आणि तो टेबलावर डोकं टाकून घोरत होता, कानांवर झाकणं.

अंथरूण रिकामं.

गच्चीच्या जिन्यावर टॉर्च वळवला. ती सगळ्यात वरच्या पायरीवर होती. गच्चीचं दार उघडं. त्याला कुलूप मी स्वतः लावतो, पोरंबाळं आहेत म्हणून. कठडा गुडघ्याएवढा आहे तिथला.

तिचा उजवा हात वर होता. मोठ्या माणसाचं बोट धरल्यावर मुलांचा हात असतो ना वर... तसा.

मी हाक मारली. तिनं मान वळवली. घाबरलेली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर वैताग होता, मधेच कुणी बोलावल्याचा. मी दोन-दोन पायऱ्या चढलो आणि तिला कमरेला धरून उचललं. तिचा हात खाली येईना. मी मागे ओढतोय आणि हात पुढेच. ओढ होती पोरांनो. हिसका नव्हे. शाळा सुटल्यावर आई मुलाला घेऊन निघते, तेवढी. तेवढीच, पण हटत नव्हती.

मी काही मंत्र म्हटला नाही. येत नाहीत मला. मी फक्त म्हणालो, "बाई, ही तुमची नाही."

शांत.

खूप वेळ शांत... उत्तराची वाट बघावी तेवढा वेळ.

मग हात खाली आला.

त्याच्या कानांवरची झाकणं मी उपटली. तो दचकून उठला, अंधाराकडे बघितलं, माझ्या कडेवरच्या पोरीकडे बघितलं, आणि तोंडातून पहिलं वाक्य काय यावं? "लाइट गेली? माझी फाइल सेव्ह झाली का?" त्या क्षणी माझ्या हातात पोर नसती, तर आज मी तुम्हाला ही गोष्ट तुरुंगातून सांगत असतो.

तिला मी खाली आणलं. माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, मेणबत्ती लावली, समोर बसून राहिलो. ती झोपली नाही. रडली नाही. पाहुण्याच्या घरी बसतात तशी पाय जुळवून बसली होती. उजाडलं, लाइट आली. साडेसातला आई आली, वर न जाता थेट माझ्याकडे. मी काय सांगणार होतो, देव जाणे. पण मला बोलायला लागलंच नाही. पोर खुर्चीवरून उतरली, फ्रॉक सारखा केला, आणि आईसमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "जरा पाणी देता का?"

आई आधी हसली. बोलली ना पोर, चार वर्षांनी बोलली. मग तिचं हसू हळूहळू गेलं. ते जाताना मी पाहिलं, तुम्ही पाहू नये.

महिन्याभरात त्यांनी घर सोडलं. त्या महापुरुषानं त्या हाकेवर व्हिडिओ केला, तो म्हणे त्याचा सगळ्यात गाजलेला. पोर बोलायला लागली यावर तो खूश. डॉक्टर म्हणाले, आई रात्री घरी नसते त्याचा राग आहे मुलीला, निघून जाईल. शिकलेली माणसं, त्यांना प्रत्येक कुलपाची किल्ली ठाऊक असते.

"आता कशी आहे ती?" विचारतोस तू.

चांगली आहे. शाळेत जाते, गाणी म्हणते, पाढे म्हणते. बापाला बाबा म्हणते. परवा बाजारात भेटल्या दोघी. आईनं तिचा हात घट्ट धरला होता, उन्हातही सोडला नाही. मी खाली वाकून विचारलं, "काय गं, नवीन घर आवडलं का?"

"हो आजोबा," ती म्हणाली. "मावशी खूप चांगल्या आहेत. मला परकं वाटू देत नाहीत."

आई दुसरीकडे बघत होती.